खिडकी : एक

मी एक जुना कूलर आहे. लातूरच्या एका पत्रेवाल्याने मला ठोकून बनवले. मित्रांनो, माझे सगळे आयुष्य चार ओळींत मावते. त्या ओळी धम्मानंद मिस्त्रीने खडूने माझ्या पाठीवर लिहिल्या.

पंखा : नव्वद वॅट

त्याआधी नऊ उन्हाळे मी निलंग्याच्या एका मंगल कार्यालयात होतो. माझ्यासमोरच्या खुर्चीसाठी वरमाया भांडत. मग मोटर जळाली आणि मी अडगळीत पडलो. तिथून मला गुणाबाईने आणले. तिच्या शेतातल्या घरापर्यंत विजेचा खांब आलेला नाही. लेक वर्षाराणी बाळंतपणाला आली होती आणि मे महिना होता. धम्मानंदने मला बॅटरीवर चालणारी मोटर बसवली आणि छपरावर सौर पॅनेल चढवले.

पंप : वीस वॅट

सव्वा महिना परक्या पुरुषाने बाळंतिणीच्या खोलीत जायचे नसते. म्हणून त्याने अंगणातूनच विचारले, खोली केवढी? दहा बाय दहा. माणसं किती? दीड, गुणाबाई म्हणाली, आणि आतून वर्षाराणी हसली.

“खिडकी हाय का, मावशी?”

“हाय की एक.”

त्याने लिहून घेतले. मला उंबऱ्याबाहेर ठेवले, तोंड आत; दार माझ्यानेच भरून गेले.

तास : आठ

एकशे दहा गुणिले आठ, आठशे ऐंशी. पॅनेल दिवसाकाठी नऊशे देणार. लई झालं म्हणाला आणि दुसऱ्या कामाला नांदेडला गेला. गणित चुकले नव्हते.

खिडकी : एक

ती गोधडी कोंबून बंद केलेली होती. बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून. मी ओली हवा आत ढकलत राहिलो, तिला बाहेर पडायला वाट नव्हती. खोली गार होण्याऐवजी कोंदटली. अंगावरचा घाम वाळेना. बाळ किरकिरले की गुणाबाई मला आणखी थोडा वेळ चालू ठेवी. आठाचे बारा तास झाले, बाराचे वीस.

वर्षाराणीने एकदा खिडकीकडे बोट दाखवले. आई म्हणाली, “तुझ्या टायमालाबी बंदच व्हती. मेलीस का?”

तिसऱ्या दिवशी सकाळी बॅटरी संपली. एकदा पार रिकामी झाली की ती पुरेशी भरेपर्यंत मला वीज मिळत नाही. दुपारी दोन वाजता छपरावर पॅनेल तळपत होते आणि खाली मी बंद. बाळाचे अंग भट्टीसारखे तापले. मग त्याने दूध ओढणे सोडले. जीप यायला तास गेला. निलंग्याच्या दवाखान्यातून जीप परतली तेव्हा दुपटे बाळाच्या तोंडावर ओढलेले होते.

 

यापुढे ओळ नाही.

धम्मानंद आला तेव्हा पहिल्यांदा खोलीत गेला. कोणी अडवले नाही. त्याने गोधडीला हात लावला. ती ओली होती.

“खिडकी उघडी आसती का, आसं तू इचारलं आसतंस,” गुणाबाई म्हणाली, “तर सांगितलं आसतं.”

“मी आत यायला पायजे व्हतं, मावशी.”

मित्रांनो, मला दोष द्या, माझे काही म्हणणे नाही. पण माझ्यासारख्याला कुठे बसवाल तेव्हा वॅट मागाहून मोजा. आधी चप्पल काढा आणि त्या खोलीत घटकाभर बसा, मग ती कोणाचीही असो.