फुकटच्या फिल्टरची चाळीस वर्षं

मी एक फिल्टर बोलतोय, पाण्याचा. फुकटात आलेला, त्यामुळे घरात माझी पत झुरळापेक्षा किंचितच जास्त.

मला आणलं घरांच्या एका दलालाने. तेव्हा इथलं बाळ तान्हं होतं आणि त्याच्या आईला नळाच्या स्वच्छ पाण्यातही अळ्या दिसत.

"ताई, भेट समजा," दलाल म्हणाला. "इथे फक्त एक सही. साधा सेवा करार आहे. कधी घर विकायचं झालं तर आम्हाला सांगायचं, एवढंच."

आईने प्रश्नांची सरबत्ती केली. आतली गाळायची कांडी कशाची, प्लॅस्टिकचा वास जातो का, बाळाला सोसेल का? माझं माहितीपत्रक तिने तीनदा वाचलं, करार एकदाही नाही. सही केली आणि मी गाळलेलं पाणी पुन्हा उकळलं. माझ्यावर एवढा तिचा विश्वास.

पुढे नवऱ्याची बदली झाली. घराला गिऱ्हाईक ओळखीतूनच मिळालं, तरी दलाल टपकला. करार चाळीस वर्षांचा निघाला. घर कोणीही विको, दलाली त्याची. आईबाप गेले तर ती मुलाने द्यायची. घराच्या सरकारी नोंदीवरही त्याने तो चढवला होता. गिऱ्हाईक बिचकलं.

"पोराला अजून चड्डी घालता येत नाही," सासूबाई म्हणाल्या, "आणि तू त्याला दलालाच्या दावणीला बांधलंस?"

"मला वाटलं, फिल्टरची गॅरंटी असेल."

मग तिने घरमालकांच्या सेवा करारांचा कायदा काढला आणि तोही तीनदा वाचला. खोड शेवटी कामी आली. तिने दलालाला बोलावलं. वाक्यं पाठ केलेली होती.

"वर्षभरात सुरू न होणारी सेवा, पुढच्या मालकालाही बांधणारी अट, घराच्या नोंदीवर बोजा. असला करार रद्दच धरतात. नोंद तुम्ही काढताय की मी तक्रार करू?"

दलालाने घाम पुसला. "काढतो. पण मग फिल्टर परत द्या."

"खुशाल न्या," सासूबाई म्हणाल्या. "भिंतीला पाडलेली भोकं तेवढी बुजवून जा."

नोंद निघाली, मी राहिलो. भोकं बुजवायला कोण येतंय?

आता घर विकलं गेलंय. मी थोडा गळतो. गळता गळता एकच विनंती: धर्माची गाय असली तरी दात जरूर मोजा.

काल नवी मालकीण कडेवर लेक घेऊन आली. मला न्याहाळत म्हणाली, "हा विकत घेतलेला?"

"नाही, फुकट मिळाला," आई म्हणाली.

ती लेकीला घेऊन दोन पावलं मागे सरकली. शहाणी बाई.