एका फोटोतली वीज

गिरणीवालीच्या पाणचाकाचा आस चिरला होता. आस म्हणजे चाकाच्या पोटातून आरपार गेलेला लाकडी दांडा. तो मोडला की वस्तीचं दळण बंद आणि दिवेही बंद, कारण दोन्ही त्याच चाकावर चालायचं.

तिने सरकारकडे नवा आस मागितला. आला साहेब. गळ्यात कॅमेरा, डोक्यात नियम, दोन्हींच्या मधे काही नाही.

"नुसत्या पाण्याला मदत नाही, मावशी. ऊन, वारा, शेणगॅस आणि पाणी, चौघांची वीज एकत्र हवी. तिघांची यंत्रं आम्ही देतो. आस चौथ्या टप्प्यात."

यंत्रं आली. पण चारही एकाच फोटोत दिसायला हवीत, असा नियम. मग ओढ्याकाठच्या खोलगट कोपऱ्यात सगळी कोंबली. सौरपत्रा चाकाच्या सावलीत, पवनपंखा गोदामाच्या भिंतीआड. शेणाची टाकी मोठी झोकात, पण वस्तीत गाय ना म्हैस.

"अहो, ऊन-वारा वर माळावर आहे," गिरणीवाली म्हणाली.

"तिथून चाक फोटोत येत नाही. आणि वारा कुठे दिसतो, मावशी? पंखा दिसतो."

उद्घाटनाला साहेबाने एवढं लांबलचक भाषण ठोकलं की पंख्याची पाती जन्मात पहिल्यांदा हलली.

"वहिनी, याला इथेच बांधून ठेवू या," नणंद कुजबुजली. "आस मोडला तरी दिवे लागतील."

आठवड्यात आस मोडला. चाक कलंडलं. गिरणीवाली तशीच कार्यालयात गेली.

"बाकीची तिन्ही चालू असल्याचा अहवाल आल्याशिवाय आस नाही," साहेब म्हणाला.

"ती चालत नाहीत."

"मग अहवाल कसा येणार?"

असल्या डोक्यापुढे बोलून काय घसा कोरडा करायचा. ती घरी आली, पवनपंख्याच्या खांबाकडे बघितलं. लोखंडी, सरळसोट, मांडीएवढा जाड. लोहार दिराला हाक मारली. दुपारपर्यंत खांब आडवा झाला, संध्याकाळी चाकाच्या पोटात बसला. आणि चाक असं गरगरलं की ओढ्यातले मासे घेरी येऊन काठावर बसले.

महिन्याने साहेब तपासणीला हजर.

"पंखा कुठाय?"

"पाती घराच्या माळ्यावर. खांब चाकात."

त्याने मान वर न करता कागदावर खूण केली. "म्हणजे वारा आणि पाणी एकत्र. छान. हेच तर योजनेला हवंय. जरा बाजूला व्हा, मावशी, तुम्ही फोटोत येताय."

गिरणीवाली बाजूला झाली. होताना पिठाची चाळण मात्र कॅमेऱ्यासमोर मनसोक्त झटकली.

फोटो पांढराफटक आला. कार्यालयाने तो फायलीत लावला आणि खाली लिहिलं: ऊन भरपूर.