तोकना हलवायचं आहे

किल्ल्यातल्या छोट्या संग्रहालयाची किल्ली माझ्याकडे असते. खाली नदीच्या मुखाशी खारफुटीचं उद्यान, वर टेकडीवर डचांच्या तोफा, आणि तोफांवर माकडं. येणाऱ्यांना जुन्या सुलतानांच्या लढाया सांगायच्या, एवढंच माझं काम. पगार नाही, पण ते सुटलं तर दिवसभर करायचं काय, हे मला ठाऊक नाही. सगळे मला तोक म्हणतात, म्हणजे आजोबा.

त्या दिवशी सकाळी खाली उतरलो, तर खारफुटीतल्या लाकडी पुलावरून रखवालदार हम्दानचा आवाज आला.

"तोक हल्ली फार सुस्तावलेत. लोकांसमोर खुशाल आ वासून पडलेले असतात."

"पोरं घाबरतात रे," नोरिझान म्हणाली. ती उद्यानाची प्रमुख. "शाळेची सहल यायच्या आत हलवू त्यांना."

"ऐकतील?"

"कोंबडी ठेव. निमूट येतील."

मी पाऊल न वाजवता परतलो. दुपारी मला डुलकी लागते, हे खरं. तोंडही उघडं राहत असेल. पण पोरं घाबरतात? काचेच्या कपाटात चेहरा पाहिला. खात्रीने काही सांगता येईना.

थोड्या वेळाने हम्दान लांबूनच हात हलवून गेला. एरवी तो आत येतो. माझी खुर्चीही जरा सरकवलेली वाटली. अर्थात माकडंही सरकवतात.

जेवायच्या वेळी नोरिझान स्वतः डबा घेऊन आली.

"तोक, कोंबडी आणलीय. घ्या ना."

"कोंबडी कशाला?" मी डबा तिच्याकडे सरकवला. "मी आपणहून जाईन." किल्ली टेबलावर ठेवली.

"कुठे जाताय?"

मी उत्तर देणार, तोच हम्दान धापा टाकत आला. "मॅडम, चला लवकर! तोक पिंजऱ्यात शिरले!"

त्यांच्यामागून मीही उतरलो. खाली चिखलात लोखंडी पिंजरा होता. आत एक भलीमोठी मगर होती, जबड्याला पिसं चिकटलेली.

"एवढे दचकलात काय?" हम्दान कुजबुजला. "खारफुटीत यांचं नाव घ्यायचं नाही, तोक म्हणायचं, हे तुम्हीच सांगता ना पाहुण्यांना?"

सांगतो. रोज सांगतो.

नोरिझानने पिंजऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ओढणीचं टोक तोंडावर धरलं. "किल्ली वर राहिलीय तुमची. सहलीपुढे बोलायचंय तुम्हाला."

"पोरं घाबरत नाहीत ना मला?"

"तोक," ती वळून चालू लागली, "भात गार होतोय."