अर्पिताशिवाय

स्टार्टअप स्पर्धेचं परीक्षण करायला आलेल्या कल्याण सरांनी अर्पिताचा मोबाईल मागून घेतला, स्वतःच्या खिशात टाकला आणि म्हणाले, "आता शेडनेटच्या बाहेर जा."

"मी? सर, माझंच तर स्टार्टअप हाये!"

"तेच बघायचंय. पिठाची गिरणी काल उघडली तरी गिरणीच. तू नवं काहीतरी काढलंस, मान्य. पण उद्या वाटूरला, तीर्थपुरीला किती ठिकाणी पळशील? तुझ्याशिवाय चाललं तर स्टार्टअप. न्हाई तर घरगुती धंदा, आणि स्पर्धेतून बाद."

टेंभुर्णीत मिरचीच्या बियाण्यासाठी बाया नर झाडांचा पराग काढून मादी झाडांच्या फुलांना हातानं लावतात. सकाळचा पराग दुपारी वाया जायचा. अर्पिताच्या मातीच्या डबीत तो दोन दिवस टिकायचा! पण डबी भरायच्या आधी तो बल्बखाली वाळवावा लागतो, हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. कुणी चोरलं तर? बाया जेवायला बसल्या की ती गुपचूप उरकून घ्यायची.

आणि आता डबी भरायला आत तिच्याकडं कामाला येणाऱ्या एकट्या द्वारकामावशी.

हिरव्या जाळीतून नुसती सावली दिसत होती. सावलीनं डबी उचलली. ओला पराग भरला की त्याचा गोळा होणार, संपलं! ओरडावं, तर बाजूला दुसऱ्या शेडचे मच्छिंद्रतात्या आणि त्यांच्यासोबतचे शेतकरी कान देऊन उभे. गप्प बसावं, तर वर्षभराची मेहनत मातीत.

सावलीनं झाकण काढलं.

"मावशे, थांब! आधी बल्बखाली वाळव!"

सगळे तिच्याकडं बघायला लागले. गेलं. गुपित गेलं.

"अगं, ओरडून काय राह्यलीस?" आतून मावशी खेकसल्या. "कवाच वाळवून ठेवलाय! तू बल्ब चालूच ठेवून जातीस, रोज कोण बंद करतंय मंग?"

कल्याण सरांनी डबीतला पराग चिमटीत घेतला, फुंकला. धुरासारखा उडाला. ते काहीतरी लिहायला लागले.

तेवढ्यात मच्छिंद्रतात्या पुढं सरकले. "मावशी, आमच्या शेडवर शिकवायला कधी येता?"

मावशी अर्पिताकडं बघत राहिल्या. सरांचा पेनही थांबला.

एक शेड, मग दहा, मग अर्पिताला ओळखणारंही कुणी उरायचं नाही.

"सोमवारी येतील," ती म्हणाली. "मावशीच येतील. मी न्हाई."