ओसाड पाणचक्की

आमच्या मेहुण्याने गळ्यात कॅमेरा अडकवला आणि त्याला जुन्या वास्तूंचा पुळका आला. आमची नदीकाठची पाणचक्की दोनशे वर्षांची, म्हणून स्वारी थेट बंधाऱ्यावर हजर. "दाजी, चाक जरा थांबवा, फोटोत पुसट येतं."

निम्मं दळण तसंच ठेवून मी चाकाचं पाणी बंद केलं. पण गिऱ्हाइकं खोळंबली होती, म्हणून पिठाची पोती गाडीत भरत राहिलो.

"तुमचं चालू द्या," तो म्हणाला. "कॅमेरा अर्धा मिनिट उघडा ठेवला की बंधाऱ्याचं पाणी दुधासारखं दिसतं, आणि हलणारी माणसं उमटतच नाहीत."

खरंच नाही उमटलो. सात पोती वाहिली, फोटोत माझा एक खांदासुद्धा नाही. शहाण्याने खाली लिहिलं, 'ओसाड पाणचक्की'. बक्षीस मिळालं, पेपरात छापून आलं. लांबच्या गिऱ्हाइकांनी ते वाचून विजेच्या गिरणीची वाट धरली. मग जवळचीही त्यांच्या मागे गेली.

आज स्वारी परत आली. मी दारात हातावर हात ठेवून बसलो होतो.

"वा दाजी! असेच बसून राहा," तो कॅमेरा लावत म्हणाला. "यंदा तुम्ही फोटोत नक्की येणार."