बिनमिठाच्या वड्या

मीठ होतं. चांगलं जिभेला झोंबेल इतकं मीठ होतं.

पुष्पलताबाईंनी आपल्या परातीतल्या वाटलेल्या मूगडाळीत पुन्हा बोट बुडवलं, पुन्हा चाटलं. मग गुडघ्यावर हात देत उठल्या आणि गच्चीच्या दुसऱ्या टोकाला बायकांच्या घोळक्यात ठेवलेल्या मोठ्या गंजात बोट घातलं. तेच मीठ, तीच मिरची, तोच लसूण.

"अवो मॅडम!" कामिनी ओरडली. "त्याच्यात काहून हात घातला?"

"चव पाहिली," पुष्पलताबाई म्हणाल्या.

मनीषनगरातल्या या बिल्डिंगीत उन्हाळ्यात मुगाच्या वड्या सगळ्या घरांच्या मिळून होत. ज्याच्या त्याच्या घरची डाळ आदल्या दिवशी कामिनीकडे जायची, कारण मोठं ग्राइंडर तिच्याकडे. सगळी डाळ एकत्र वाटायची, एका गंजात कालवायची, पहाटेच गच्चीवर जुन्या साड्या अंथरून सगळ्यांनी मिळून वड्या घालायच्या. वाळल्या की सारखे वाटे. कोणाची डाळ कोणाच्या डब्यात गेली ते देवालाही सांगता आलं नसतं. पुष्पलताबाई रिटायर होऊन इथे राहायला आल्या तेव्हा त्यांना ही रीत फार आवडली होती. आयुष्यभर त्यांनी शाळेत मराठी शिकवलं. 'सामाईक' हा शब्द आला की त्या मुलांना विहीर, जिना, आंगण अशी उदाहरणं देत. इथे आल्यावर म्हणाल्या होत्या, आता आणखी एक मिळालं, वड्या!

यंदा मात्र कामिनी आदल्या दिवशी दारात येऊन म्हणाली होती, "मॅडम, तुमाले बीपी हाय ना? तुमच्या वड्या आम्ही स्वतंत्र करून राहिलो, बिनमिठाच्या. परात वेगळी, साडी वेगळी. तुमची तब्येत सांभाळा लागते बाप्पा!"

पुष्पलताबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. सख्खी भाची विचारत नाही इतकं कामिनी विचारते, असं त्यांनी फोनवर बहिणीला कौतुकाने सांगितलंही होतं. आता ते आठवून त्यांच्या अंगाची लाहीलाही झाली. परात वेगळी करायची बरोबर लक्षात राहिलं बाईच्या, आणि मीठ वगळायचं तेवढं विसरली. विसरणारच! मिठाचा प्रश्न होताच कधी?

मग एकेक आठवायला लागलं. दरवर्षी जयंतीला त्या भावाकडे जात. यंदा गुडघ्यांमुळे जाता आलं नाही, म्हणून घरीच बाल्कनीत निळा झेंडा लावला, खीर केली, घरोघर वाट्या दिल्या. "गोड झाली हो मॅडम," सगळ्या म्हणाल्या. वाट्या परत आल्या त्या धुऊनपुसून, कोरड्याठाक. दुसऱ्याच्या घरचं भांडं रिकामं परत करू नये, चिमूटभर साखर तरी घालावी, हे या बायकांना त्यांच्या आयांनी शिकवलंच असणार. आजकालच्या पोरी, विसरल्या असतील, असं म्हणून पुष्पलताबाईंनी तेव्हा सोडून दिलं होतं. कशाच्या विसरतात!

"कामिनीबाई," त्या म्हणाल्या, "माझ्या वड्यांत मीठ आहे."

"अगं बाई!" कामिनीने कपाळावर हात मारला. "चुकून पडलं असन, मॅडम."

"मग आता वेगळ्या कशाला? मिसळून टाका गंजात."

कामिनीने गंज आपल्याकडे ओढून घेतला. बाकीच्या बायका वड्या घालण्यात एकदम गुंग झाल्या. वरच्या मजल्यावरची गोपिका, जिच्या मुलीला पुष्पलताबाई फुकट शिकवत, ती तर साडीच्या सुरकुत्या काढत बसली.

"अहो, मिसळा ना."

"कशाले घोळ करता मॅडम?" कामिनीचा आवाज चढला. "एकेकाच्या घरचं राहते. सासूबाईचं सोवळं असते, उपासतापास असते. तुमच्या भल्यासाठीच केलं ना स्वतंत्र?"

स्वतंत्र. पुष्पलताबाईंनी हा शब्द हजार वेळा फळ्यावर लिहिला होता. सामाईक, समानार्थी शब्द एकत्र, सगळ्यांचा. विरुद्धार्थी, स्वतंत्र. मुलांनी तसं लिहिलं की त्या खुशाल पूर्ण मार्क देत. किती गोंडस उत्तर! खरं उत्तर त्यांना माहीत नव्हतं थोडंच? त्यांची आई विहिरीच्या काठाशी घागर घेऊन तासन् तास उभी राहायची, कोणी वरून पाणी ओतेल म्हणून. तिचीही जागा स्वतंत्रच होती. तरी इतकी वर्षं त्यांनी पोरांना ते सांगितलं नाही. पुस्तकातलं सांगत राहिल्या.

शाळेत त्यांनी कायम शुद्ध मराठी सांभाळली होती. पण आता तोंडून घरचीच बोली आली.

"माझं भलं तू नको सांगू वं मले! मागच्या साली माही डाळ तुमच्या साऱ्यायच्या पोटात गेली. त्याच्या आधीच्या साली बी गेली. कोनाचं पोट दुखलं? सांग ना, कोनाचं दुखलं? तवा झेंडा नोयता दिसला, म्हणून पचली?"

आणि त्यांनी आपली परात उचलली, गंजापाशी नेली आणि पालथी केली. बाही सारून कोपरापर्यंत हात आत घातला आणि तळापासून कालवलं.

"घ्या. आता काढा वेगळं."

मग कामिनी उठली, पदर झटकला आणि जिना उतरून गेली. तिच्यामागे एकेक करत सगळ्या गेल्या. गोपिका शेवटी उरली. "मॅडम, माह्या सासूबाई..." एवढंच म्हणाली आणि तीही गेली.

ऊन तापायला लागलं होतं. डाळ आंबली असती. पुष्पलताबाई खाली बसल्या आणि साऱ्या बिल्डिंगीच्या वड्या एकट्याने घालायला लागल्या. गुडघे ठणकत होते, डोळ्यांत घाम उतरत होता, आणि त्या तोंडाने अखंड शिव्या देत होत्या, ज्या त्यांनी वर्गात कधी कोणाला उच्चारू दिल्या नव्हत्या. अन्न टाकून त्या खाली जाणार नव्हत्या. शेवटची साडी भरेपर्यंत त्या उठल्या नाहीत.

वड्या कडकडीत वाळल्यावर त्यांनी सारखे वाटे केले. डबे गच्चीवरच पडले होते, नावं घातलेले. एकेक भरला आणि ज्याच्या त्याच्या दाराशी नेऊन ठेवला. बेल कुठेच वाजवली नाही.

दुसऱ्या दिवशी डबे तिथेच होते. तिसऱ्या दिवशीही. गोपिकाचा तेवढा दिसेना. चौथ्या दिवशी सकाळी तो पुष्पलताबाईंच्या उंबऱ्याशी सापडला, रिकामा, आणि तळाशी चिमूटभर साखर. वड्या घेतल्या, पण चोरून घेतल्या. पुष्पलताबाईंना बरं वाटलं आणि बरं वाटल्याचाही राग आला. त्यांनी ती साखर चहात घातली आणि त्या चहा उभ्यानेच प्याल्या.

मग दूध आणायला निघाल्या. एक मजला उतरल्या तोच समोरून कामिनी भाजीची पिशवी घेऊन वर आली. डबा तिच्या दारात मधोमध होता. पुष्पलताबाई कठडा धरून तिथेच थांबल्या.

"डबा तुमचा आहे, कामिनीबाई."

कामिनीने कुलूप उघडलं. वर पाहिलं नाही. साडी घोट्याच्या वर उचलली, आणि आपल्याच घरच्या भरल्या डब्यावरून पाय टाकून ती आत गेली.