छाती वर येऊ द्या

माझ्या यजमानांना, म्हणजे सगळ्यांच्या भाऊंना, मार्चमध्ये अटॅक येऊन गेला. स्टेंट बसला, पथ्यपाणी सुरू झालं आणि डॉक्टरांनी मला बजावलं, "घरात तुम्हीच असता. सीपीआर शिकून घ्या." म्हणून दिवाळीनंतर बाळकुमच्या आमच्या सोसायटीत शिबिर लागलं तेव्हा भाऊंना घेऊन मी पहिल्या रांगेत जाऊन बसले.

शिकवणारा राजरत्न माझ्या मुलाच्या वयाचा. सतरंजीवर एक रबरी पुतळा उताणा निजवलेला. छातीच्या मधोमध तळहात ठेवून दाबायचं, नीट जमलं की हिरवा दिवा, नाहीतर लाल. माझा आपला लालच. त्यात दाबता दाबता माझा पाय पुतळ्याला लागला आणि मी सवयीने थांबून त्याला नमस्कार केला. हॉलभर हशा पिकला.

"काकू, तुम्ही थांबलात की पेशंटच्या मेंदूला रक्त जायचं थांबतं," राजरत्न म्हणाला. "पाय लागू दे, काही होत नाही."

मला भयंकर राग आला, स्वतःचाच. भाऊ खरंच पडले तर मी काय हात जोडत बसणार होते? मी पुन्हा ओणवी झाले आणि जीव खाऊन दाबू लागले.

"आता जोर आहे, पण तुम्ही त्याच्यावर रेलून राहताय. दाबलं की सोडा. छाती पूर्ण वर येऊ द्या, तेव्हाच हृदयात रक्त भरतं."

हे मला कुणीतरी पूर्वीच शिकवलं होतं. ठाकुर्लीच्या चाळीत उन्हाळ्यात आम्ही बायका पापडाचं पीठ कुटायचो. तेलाचा हात लावलेला उडदाचा गोळा, हिंगाचा वास आणि शेजारच्या रखमाबाईंचा कोकणी दरारा. "अगो, बत्त्यावर झोपतेस काय? उचल पुरता, मग घाल!" हात भरून आले की न लाजता सांगायचं. दुसरी लगेच बत्ता हातात घ्यायची, ठोका चुकायचा नाही. रखमाबाई गेल्या, बाकीच्या कुठे कुठे पांगल्या. विकतचे पापड खाताना त्या दुपारांची इतकी आठवण येते की पापड ताटात तसाच राहतो.

मी दोन्ही कोपरं ताठ केली, कमरेतून जोर लावला, उचलला, पुन्हा घातला. हिरवा. पुन्हा हिरवा. दम लागला तशी मी चाळीतल्यासारखी ओरडले, "माझे हात भरले, कोण घेतंय?"

शेजारी भाऊच गुडघे टेकत होते.

"अहो, उठा! तुमच्यासाठीच तर शिकतेय मी."

"आणि तू पडलीस तर?" ते म्हणाले. "तुझ्याजवळ कोण असणार आहे?"

इतक्या महिन्यांत माझ्या पडण्याचा विचार कुणी केला नव्हता, मीसुद्धा नाही. राजरत्न म्हणाला, "काका, थोडंच करा हं."

भाऊंनी जपून, काचेचं भांडं हाताळावं तसं दाबलं. लाल दिवा लागला.

"अहो, हळू काय दाबताय!" माझे डोळे वाहत होते तरी मी सगळ्यांदेखत ओरडले. "मला जगायचंय!"